ग्लास आधी फुटतो की नंतर?

1980 च्या दशकात ब्रिटनमधले एक तरुण सर्जन, जोनाथन शेफर्ड, रात्रपाळीत माणसांचे चेहरे शिवत असत. जबडा आणि चेहरा हा त्यांचा विषय. शुक्रवार-शनिवारच्या रात्री पब बंद व्हायची वेळ झाली की एकामागून एक पेशंट येत. कुणाचं गालाचं हाड मोडलेलं, कुणाचे पुढचे दात गेलेले, कुणाचा गाल काचेनं उभा चिरलेला. टाके घालायचे, घरी पाठवायचं. पुढचं पोलीस बघतील, असं सगळ्यांनीच धरलेलं. शेफर्ड यांनी ते खरंच ताडून पाहिलं. रुग्णालयाची नोंद आणि पोलिसांची नोंद शेजारी-शेजारी ठेवली, तर मार खाऊन टाके घालून घ्यायला आलेल्या बहुतेक माणसांचा पोलिसांच्या दप्तरी पत्ताच नव्हता.

या शोधाचं मला वाटणारं नवल अजून ओसरलेलं नाही. सरकार, वर्तमानपत्रं आणि प्राध्यापक ज्या आकड्यांवरून हिंसा वाढली की घटली हे ठरवत होते, त्या आकड्यांत या चेहऱ्यांचा मोठा हिस्सा धरलेलाच नव्हता. लोक तक्रार का देत नव्हते हे समजण्यासारखं आहे. मारणाऱ्याची भीती असते. आपणही प्यायलो होतो, आपणही एक ठोसा लगावला होता, ही धास्ती असते. कित्येकांना मारणारा कोण हेच माहीत नसतं. तक्रार न देता येते, पण फाटलेला ओठ घेऊन घरी बसता येत नाही. म्हणून शहरातली खरी हिंसा कुठे आहे हे पोलीस ठाण्यापेक्षा रुग्णालयाच्या केसपेपरला जास्त ठाऊक होतं, फक्त केसपेपरला तसं कुणी विचारलं नव्हतं.

शेफर्ड पुढे वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला प्राध्यापक झाले. तिथे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी डॉक्टर, पोलीस आणि नगरपालिका यांना एका टेबलाभोवती बसवलं आणि एक विलक्षण साधी पद्धत रुळवली. अपघात विभागात केसपेपर काढणारी व्यक्ती मार लागलेल्या पेशंटला नाव-गावाबरोबर आणखी काही गोष्टी विचारणार: नक्की कुठे घडलं, कोणत्या पबमध्ये, कोणत्या रस्त्यावर? कधी? मारायला काय वापरलं? मग त्या यादीतून नाव, पत्ता, ओळख पटेल असं सगळं काढून टाकायचं आणि उरलेलं पोलिसांना आणि नगरपालिकेला द्यायचं. पेशंटच्या गुपिताला धक्का नाही, कुणावर गुन्हा दाखल होण्याचा प्रश्न नाही. हाती येतो तो फक्त एक नकाशा.

आणि नकाशा बोलू लागला. शहरभर पसरल्यासारखी वाटणारी हिंसा प्रत्यक्षात ठरावीक दारांपाशी, ठरावीक तासांत साचलेली होती. पोलिसांनी गस्त त्या तासांना त्या रस्त्यांवर नेली. ज्या पबचं नाव पुन्हापुन्हा येई, त्याच्या मालकाशी परवान्याच्या भाषेत बोलणं झालं. मध्यवस्तीतल्या रस्त्यावर रात्री वाहनं बंद करून पायी चालणाऱ्यांना जागा करून दिली. यातलं एकही पाऊल कुणाच्या स्वभावाला, संस्काराला किंवा अंतःकरणाला हात घालत नाही. तरीही फरक पडला. शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो मांडला. कार्डिफची तुलना त्यांनी तिच्यासारख्याच 14 शहरांशी केली. हिंसेमुळे रुग्णालयात दाखल करावं लागणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये लाखामागे महिन्याला 7 वरून 5 वर आलं होतं, आणि त्याच काळात बाकीच्या शहरांत ते 5 वरून 8 वर गेलं होतं. सगळा हिशेब करता ही तफावत 42 टक्क्यांची भरते.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, वरवर पाहता उलटा. पोलिसांकडच्या किरकोळ मारामारीच्या नोंदी कार्डिफमध्ये वाढल्या होत्या. संशोधकांचा अर्थ असा, की पोलीस आता लवकर पोचत होते. जे भांडण आधी रुग्णालयात संपायचं, ते आता धक्काबुक्कीतच अडवलं जात होतं. नुसते गुन्ह्यांचे आकडे बघून पोलिसांना शाबासकी देणाऱ्यांनी किंवा बोल लावणाऱ्यांनी ही ओळ वाचावी असं मला फार वाटतं.

शेफर्ड यांच्या कामातला माझ्या मनात घर करून बसलेला भाग मात्र या नकाशाच्याही आधीचा आहे. तो आहे बिअरच्या ग्लासाचा. पबमधल्या मारामारीचं एक चित्र सिनेमानं आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं आहे: माणूस बाटली किंवा ग्लास टेबलाच्या कडेवर आपटतो, टोकदार काच हातात धरतो आणि चालून जातो. म्हणजे आधी हत्यार तयार होतं, मग वार. शेफर्ड यांनी या जखमा नेमक्या कशा होतात याचा माग काढला, तेव्हा बहुतेक वेळा ग्लास आधी फोडलेलाच नव्हता असं दिसलं. तो हातात होता. हात उठला तेव्हा हातात होता म्हणून सोबत गेला, आणि समोरच्याच्या तोंडावर आपटून तिथेच फुटला.

ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्यामागून येणारे निष्कर्ष मोठे आहेत. त्या माणसानं हत्यार निवडलंच नव्हतं, शिक्षेचा विचार करायला तो थांबला नव्हता. मग त्याच्या हातातला ग्लासच बदलला तर? काच पुन्हा तापवून झटकन थंड केली की ती टफन्ड होते. फुटली तरी मोटारीच्या बाजूच्या काचेसारखे तिचे बोथट दाणे होतात, सुरीसारखे लांब तुकडे होत नाहीत. तोच राग, तीच दारू, तोच माणूस, पण एकाच्या चेहऱ्यावर जन्माची खूण राहत नाही आणि दुसऱ्याच्या वाट्याला वर्षानुवर्षांचा तुरुंग येत नाही. शेफर्ड यांनी हेही विश्वासावर सोडलं नाही. टफन्ड ग्लास पबमध्ये प्रत्यक्ष वापरायला देऊन रीतसर चाचणी घेतली. 2000 साली तिचा निकाल आला तो अपेक्षेच्या उलटा: नव्या ग्लासांनी बारमधल्या नोकरांनाच जास्त जखमा झाल्या. कारण शोधलं तेव्हा कळलं की ते ग्लास नीट टफन केलेलेच नव्हते, साध्या काचेपेक्षाही लवकर फुटत होते. कल्पना चांगली असणं पुरत नाही, कारखान्यातला दर्जाही लागतो. हिंसा रोखण्याच्या कामात काचेच्या भट्टीचं तापमान मोजावं लागेल, असं आधी कुणाला वाटलं असतं?

आता ग्लासाच्या मागचा हात बघू. अमेरिकेत गुन्हेशास्त्रज्ञ मार्विन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फियातल्या 1948 ते 1952 या काळातल्या 588 खुनांच्या पोलीस फायली वाचून काढल्या. त्यांचं पुस्तक 1958 चं. खुनामागचं सर्वांत मोठं कारण म्हणून त्यांना पैसा, सूड किंवा प्रेमप्रकरण सापडलं नाही. त्या सगळ्यांच्या वर होती बाचाबाची: अपशब्द, शिवी, धक्का. आपल्याकडच्या आकड्यांतही हेच चित्र आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं 2022 साली देशात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले. त्यांतले 9,962 वादातून झालेले. वैयक्तिक वैर 3,761. लाभासाठी केलेले खून केवळ 1,884. मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज कुठे ना कुठे ती बातमी असतेच: दुचाकीचा कट लागला, पार्किंगवरून बोलाचाली झाली, वाढदिवसाच्या बॅनरवर फोटो नव्हता, आणि एक तरुण मेला. वाचून आपण हळहळतो आणि पुढच्या क्षणी म्हणतो, एवढ्याशा कारणावरून?

कारण बाहेरून एवढंसं दिसतं. डेव्हिड लकनबिल या समाजशास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातल्या सत्तरएक खुनांचा क्षणाक्षणानं माग काढला आणि 1977 साली मांडलं की हे प्रसंग जवळजवळ एकाच चालीनं चालतात. एक जण काहीतरी बोलतो किंवा करतो. दुसरा ते अपमान म्हणून घेतो. इथे निघून जाता येतं, पण तो उलट उत्तर देतो. आता माघार घेतली तर नाक जाणार, म्हणून पहिलाही हटत नाही. दोघांनीही न बोलता मान्य केलेलं असतं की हे आता हातघाईवरच संपणार. आणि यात एक तिसरं पात्र बहुतेक वेळा असतं: बघणारे. त्यांतला कुणी चिथावतो, कुणी हसतो, कुणी नुसता उभा राहतो, आणि त्या गप्प उभं राहण्याचाही अर्थ भांडणारे 'चालू दे' असा घेतात. चारचौघांत झालेला अपमान एकांतातल्या अपमानापेक्षा कैक पटींनी जड असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अपमान इतका जड का होतो याचं उत्तर जेम्स गिलिगन या मनोविकारतज्ज्ञांनी मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं काम करून दिलं. अत्यंत क्रूर गुन्हे केलेल्या माणसांना ते विचारत, हे का केलंस? उत्तरांच्या तळाशी त्यांना पुन्हापुन्हा एकच भावना सापडे: शरम. मला कस्पटासमान लेखलं, मला कुणी मोजलं नाही. ज्याच्याजवळ नोकरी आहे, घर आहे, चार लोकांत पत आहे, त्याला एक शिवी पचवता येते, कारण त्याची किंमत त्या शिवीवर अवलंबून नसते. ज्याच्याकडे गल्लीतल्या दबदब्याशिवाय दुसरी कमाईच नाही, त्याच्या दृष्टीनं ती शिवी म्हणजे सर्वस्वावर घाला असतो. बेरोजगारी, वस्तीची दैना, शाळेतून गळती ही 'सामाजिक कारणं' आपण भाषणांत ऐकतो तेव्हा ती फार लांबची वाटतात. शिवीनंतरच्या त्या दोन सेकंदांत ती नेमकी कशी उतरतात, हे गिलिगन यांच्यामुळे मला पहिल्यांदा कळलं. गरिबीनं माणूस हिंसक होतो असं म्हणणं कोट्यवधी शांत गरिबांवर अन्याय करणारं आहे. पण मान मिळवायच्या बाकी सगळ्या वाटा बंद झाल्या की हिंसेची वाट मोठी दिसू लागते, हे मात्र खरं.

त्यात लहानपण येऊन मिळतं. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञानं 1980 पासून दाखवलं की सतत मारामाऱ्या करणारी मुलं जगाचा अर्थच वेगळा लावतात. मधल्या सुटीत धक्का लागला, चुकून की मुद्दाम हे सांगता येत नाही, अशा वेळी बाकीची मुलं 'चुकून' धरून चालतात आणि ही मुलं 'मुद्दाम'. ज्या घरात दाराच्या आवाजावरून आज मार बसणार की नाही हे ओळखावं लागतं, त्या घरात हा संशय शहाणपणाचाच असतो. तो घराबाहेर तसाच सोबत येतो आणि पुढे जीव घेतो.

मग त्या दोन सेकंदांचं काय करता येईल? शिकागोतल्या एका वर्गात याचं उत्तर एका छोट्या चेंडूनं दिलं जातं. 'बिकमिंग अ मॅन' हा तिथला कार्यक्रम टोनी डिव्हिटोरिओ या समुपदेशकानं 2001 च्या सुमारास सुरू केला. धोकादायक वस्त्यांतल्या शाळांमधली मुलं आठवड्यातून एकदा गोल करून बसतात. त्यातला एक खेळ असा: दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, एकाला चेंडू द्यायचा. दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून तो काढून घे. लगेच झटापट सुरू होते. कुणी बोटं उचकटतो, कुणी हात पिरगाळतो, कुणी समोरच्याला जमिनीवर लोळवतो. मग भूमिका बदलतात, पुन्हा तेच. शेवटी शिक्षक विचारतो, तुमच्यातल्या कुणी नुसता मागून का नाही पाहिला? मुलं म्हणतात, त्यानं दिलाच नसता, मला बावळट समजला असता. शिक्षक समोरच्याकडे वळतो: त्यानं मागितला असता तर? आणि उत्तर येतं, दिला असता की, एक चेंडूच तर आहे.

हा खेळ मी अनेक शिक्षक-मित्रांना सांगितला आहे. या मुलांना 'हिंसा वाईट' असं त्यात कुणी सांगत नाही. त्यांच्या वस्तीत लगेच उलटून बोलणं, लगेच हात उचलणं हे कित्येकदा जीव वाचवणारं असतं, आणि शिक्षकाला ते ठाऊक असतं. तो फक्त एवढंच दाखवतो, की हात आपोआप उठला, आणि आपण समोरच्याच्या मनात जे आहे असं धरून चाललो ते तिथे नव्हतं. या कार्यक्रमाची चाचणी औषधाची घेतात तशी घेतली गेली. शिकागोतल्या शाळांमधून निवडलेल्या मुलांपैकी कुणाला कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. पहिल्या चाचणीत 2,740 मुलं होती. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी घटल्या, आणि पुढे शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. संशोधकांनी मुलांना एक खेळही खेळायला दिला, त्यात जोडीदार डिवचतो आणि मग बदला घ्यायची संधी मिळते. कार्यक्रमात बसलेली मुलं निर्णय घ्यायला सुमारे 80 टक्के जास्त वेळ घेत होती. मिळाली ती एवढीच: थोडी जास्त उसंत. कार्यक्रम संपल्यावर मात्र अटकांवरचा परिणाम ओसरला. म्हणजे हे एकदा टोचून सोडून द्यायचं इंजेक्शन नाही, सवय आहे, आणि ती चालू ठेवावी लागते.

शिकागोतच आणखी एक शोध लागला, आणि तो हिंसेकडे बघण्याची जागाच बदलून टाकतो. गॅरी स्लटकिन हे साथरोगांचे डॉक्टर. सोमालियातल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी, आफ्रिकेत एड्स अशा साथींशी झुंजून ते 1990 च्या दशकात अमेरिकेला परतले. शहरातल्या गोळीबारांचे नकाशे त्यांनी पाहिले आणि ते त्यांना ओळखीचे वाटले. पटकीचे ठिपके असेच घोळक्यानं पडतात, एकातून दुसरा उगवतो. त्यांनी साथीतला उपाय उचलला: जिथे लागण झाली तिथे, त्याच वस्तीतली, त्या लोकांचा विश्वास असलेली माणसं पाठवायची. एखाद्याचा भाऊ जखमी झाला की त्या रात्री त्याच्याजवळ जाऊन बसायचं आणि पुढची गोळी सुटू द्यायची नाही. हे काम करणारे पुष्कळ जण स्वतः कधीकाळी टोळ्यांत असलेले. या कार्यक्रमाचे निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत, काही ठिकाणी फार चांगले, काही ठिकाणी शून्य. पण 'साथ' ही कल्पना आकड्यांवर टिकली. 2017 साली समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाक्रिस्तोस आणि सहकाऱ्यांनी शिकागोत एकत्र अटक झालेल्या 1,38,163 माणसांच्या ओळखीपाळखीचं जाळं विणून पाहिलं. 2006 ते 2014 मध्ये त्या जाळ्यात गोळी लागण्याच्या 11,123 घटना घडल्या, आणि त्यांतल्या 63 टक्के घटना एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या लागणीनं समजावता येत होत्या. मित्राला गोळी लागली की काही महिन्यांत आपली पाळी. म्हणजे रुग्णालयात आज आलेला जखमी हा उद्याच्या जखमीची आगाऊ सूचना असतो.

जागांचंही तसंच. गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड यांनी अमेरिकेतल्या सिएटलच्या एकेका रस्त्याचा चौदा वर्षांचा हिशेब मांडला, तर शहरातले निम्मे गुन्हे चार-पाच टक्के रस्त्यांच्या तुकड्यांवर घडलेले निघाले. वाईट वस्ती म्हणून बदनाम असलेल्या भागातही बहुतेक रस्ते शांत होते. केंब्रिजच्या मॅन्युएल आयस्नर यांनी तर चौदाव्या शतकातल्या लंडनचे खून जुन्या कागदपत्रांवरून नकाशावर मांडले आहेत. बाजाराच्या जागी ते दाटलेले आहेत, आणि वारांत रविवार सर्वांत वरचढ: कामाला सुटी, दारू, खेळ, आणि कमरेला सुरा. सातशे वर्षांपूर्वीचा तो रविवार आणि शेफर्ड यांची शनिवारची रात्र यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

मग जागाच बदलली तर? फिलाडेल्फियात संशोधक चार्ल्स ब्रानस आणि सहकाऱ्यांनी 541 ओसाड भूखंड घेतले. काहींवरचा कचरा उचलला, गवत लावलं, दोन-चार झाडं आणि एक बुटकं लाकडी कुंपण. बाकीचे होते तसेच ठेवले. गरीब वस्त्यांत, साफ केलेल्या जागांच्या आसपास, बंदुकीची हिंसा 29 टक्क्यांनी घटली. झाडाझुडपांत पिस्तूल लपवायला जागा उरली नाही, आणि शेजारी संध्याकाळी बाहेर येऊन बसू लागले.

हे सगळे धागे एका शहरानं एकत्र ओढून पाहिले. स्कॉटलंडचं ग्लासगो. विसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सुरीबाजीची युरोपभर ख्याती होती. वस्तीच्या नावाच्या टोळ्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वैरं, पलीकडच्या गल्लीत पाऊल टाकायची सोय नाही. 2005 साली तिथल्या पोलिसांनी हिंसा घटवण्यासाठी एक वेगळं पथक उभारलं. जॉन कार्नोकन हे मुरलेले तपास-अधिकारी आणि कॅरिन मॅक्लुस्की या पूर्वी नर्स असलेल्या विश्लेषक, हे दोघं त्याच्या मुळाशी. आयुष्यभर खुनांचा तपास करून कार्नोकन ज्या मतावर आले ते पोलिसाच्या तोंडी ऐकून आपण चपापतो: जादा पोलीस आणि जादा हेल्थ व्हिजिटर यांत निवड करायची तर ते हेल्थ व्हिजिटर मागतील. हेल्थ व्हिजिटर म्हणजे तान्ह्या बाळाच्या घरी जाऊन आईला हात देणारी सिस्टर. हे भाबडं नव्हतं. न्यू यॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी डेव्हिड ओल्ड्स यांनी अशा घरभेटींची चाचणी 1970 च्या दशकात सुरू केली होती, आणि ती बाळं पंधरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या अटका इतरांपेक्षा कमी होत्या.

2008 मध्ये ग्लासगोच्या टोळ्यांतल्या पोरांना कोर्टात बोलावणं गेलं. कुणावर खटला नव्हता. समोर आधी पोलीस उभे राहिले: तुम्ही कोण, कुठले, कुणाबरोबर फिरता, आम्हाला सगळं ठाऊक आहे, एकानं चूक केली तर अख्ख्या टोळीला भोगावं लागेल. मग सर्जन आले आणि सुरी माणसाच्या शरीराचं काय करते हे सांगू लागले. मग मुलगा गमावलेली आई. पोलिसांसमोर तोऱ्यात बसलेली पोरं तिच्या बोलण्यानं विरघळली, असं हे जवळून पाहिलेले सांगतात. शेवटी एक फोन नंबर: यातून बाहेर पडायचं असेल तर इथे लावा, शिक्षण, काम, व्यसनावरचे उपचार, काय लागेल ते बघू. धाक आणि हात, दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत. पुढे रुग्णालयांत 'नॅव्हिगेटर' बसवले. टाके पडत असताना, नशा उतरत असताना, माणूस क्षणभर स्वतःच्या आयुष्याकडे बघतो. त्याच वेळी शेजारी येऊन बसणारं हे माणूस. दंतवैद्य, केस कापणारे, जनावरांचे डॉक्टर यांनासुद्धा घरातली मारहाण ओळखायला शिकवलं, कारण बायकोला मारणारा पुष्कळदा कुत्र्यालाही मारतो, आणि कुत्र्याला उपचारांसाठी आणलं जातं.

2004-05 मध्ये स्कॉटलंडमध्ये 130 हून जास्त खून झाले होते. 2022-23 मध्ये 52. सगळं श्रेय एका पथकाला देणं योग्य होणार नाही. सुरी बाळगण्याची शिक्षा त्याच काळात वाढली, झडत्या झाल्या, नवी पिढी रस्त्यावर कमी येऊ लागली. तरी एका अख्ख्या देशानं हिंसेला नशीब मानणं सोडलं, आणि ती घटली, एवढं निश्चित.

लकनबिलच्या त्या तिसऱ्या पात्राबद्दल, बघणाऱ्यांबद्दल, एक गोष्ट सांगायची राहिली. गर्दीत कुणी मदतीला येत नाही असं आपण मानतो. रिचर्ड फिलपॉट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधलं लँकेस्टर, नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन इथल्या सीसीटीव्हीत सापडलेली 219 खरी भांडणं तपासली. दहातल्या नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं होतं: खांद्यावर हात ठेवून, बाजूला ओढून, दोघांच्या मधे उभं राहून. आणि जितकी माणसं जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त.

या साऱ्या ज्ञानाची मर्यादाही स्वच्छ बोलायला हवी. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या माणसांची जी हत्या झाली, ती दोन सेकंदांच्या उसंतीनं टळली नसती. जातीच्या, धर्माच्या नावावर जमाव जमवला जातो तेव्हा राग आपसूक उसळत नाही, तो उसळवला जातो. तिथे गवत आणि टफन्ड ग्लास कामाचे नाहीत, तिथे कायदा आणि सत्तेची बाजू लागते. घरातल्या बाईला वर्षानुवर्षं होणारी मारहाणही एका क्षणाची नसते. ग्लासगोनं जनावरांच्या डॉक्टरांपर्यंत हात पसरला तो यासाठीच.

पण वादातून झालेले ते 9,962 खून आहेतच. आणि कार्डिफला जे मुद्दाम उभारावं लागलं, त्यातलं अर्धं आपल्याकडे आधीपासून आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत मारहाणीचा प्रत्येक पेशंट एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून नोंदला जातो आणि पोलिसांना कळवला जातो. तारीख, वेळ, जखमेचा प्रकार, कशानं मारलं याची हकिकत, सगळं त्या रजिस्टरच्या ओळीत असतं. ते लिहिलं जातं खटल्यासाठी, एकेका पेशंटचं एकेक पान. सगळी पानं एकत्र ठेवून 'कुठे, कधी, कशानं' याची बेरीज मात्र करायला हवी. एखाद्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्य शिकवणाऱ्या, विभागानं नावं-पत्ते पूर्ण झाकून, आपल्या एका शहराच्या एका वर्षाच्या रजिस्टरवर हे काम हाती घ्यावं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाचे विषय लागतातच. नकाशावर पहिला ठिपका कोणत्या चौकात पडेल, कोणत्या वाइन शॉपसमोर, रात्री किती वाजता, हे त्या शहराच्या पोलीस अधीक्षकांना, नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागाला आणि त्या चौकात राहणाऱ्यांना एकाच बैठकीत, दर महिन्याला सांगता येईल.